भिंतीतला वड

२०१३ च्या मे महिन्यात आमच्या कोथरूडमधल्या इमारतीच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघाले, तेव्हा पाण्याच्या टाकीमागच्या कठड्यात उगवलेला वड पहिल्यांदा माझ्या नजरेस पडला. कारागीर म्हणाला, "काकू, ह्याच्या मुळात ॲसिड ओतावं लागेल, नाहीतर दोन पावसाळ्यांत कठडा फुटेल." त्याचे म्हणणे खरे होते. वडाची फळे खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून बी गच्चीवर येते, चिरेत साठलेल्या धुळीत आणि टाकीच्या ठिबकणाऱ्या पाण्यावर रुजते आणि मग मूळ विटांच्या सांध्यातून वाट काढत आत शिरते. अंगठ्याएवढे जाड खोड, त्यावर सात-आठ पाने आणि खाली प्लॅस्टरला गेलेला नागमोडी तडा, असे ते झाड होते. मी कारागिराकडे एक दिवसाची मुदत मागितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन त्याच्याच मदतीने तो वड भिंतीतून काढला.

बोन्सायचा नाद मला त्याआधी तीन वर्षांपासून होता आणि त्या तीन वर्षांत मी दोन झाडे गमावली होती. पहिले होते प्रदर्शनातून विकत आणलेले तयार फायकस, म्हणजे वडाच्याच जातकुळीतले एक झाड. दिवाणखान्यात शोभेल म्हणून मी ते टीव्हीशेजारी ठेवले आणि चार महिन्यांत त्याची पाने गळून ते वाळले. बोन्साय हे उन्हातले, वाऱ्यातले झाड आहे आणि घरात ते पाहुण्यासारखे एखाददुसरा दिवसच आणायचे असते, ही पहिली गोष्ट मला त्या झाडाने शिकवली. दुसरे उंबराचे रोप होते. बोटभर उंचीचे ते रोप मी थेट उथळ ट्रेमध्ये लावले आणि आता ते हळूहळू म्हातारे दिसू लागेल, अशी वाट पाहत बसले. दोन वर्षे ते पेन्सिलीएवढेच राहिले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात गेले. ते कुंडीत अडकलेले रोपटे होते, त्याला बोन्साय म्हणता येत नाही, हे मला फार उशिरा कळले.

लहान झाड हवे असेल तर आधी त्याला मोठे होऊ द्यावे लागते. खोडाची जाडी पानांच्या संख्येवर अवलंबून असते. जितक्या जास्त फांद्या आणि पाने, तितके जास्त अन्न, आणि तितके खोड भरत जाते. उथळ ट्रेमध्ये गेलेल्या झाडाची वाढ मंदावते, म्हणून ट्रे हा या सगळ्या प्रवासाचा शेवटचा टप्पा असायला हवा आणि मी सुरुवातच तिथून केली होती. भिंतीतल्या वडाच्या बाबतीत मी ही चूक करायची नाही, असे ठरवले.

झाड भिंतीतून निघाले तेव्हा त्याचे मूळ पाहून मी थक्क झाले. विटांच्या दोन थरांमध्ये दाबून वाढल्यामुळे ते गोल राहिलेच नव्हते. पट्ट्यासारखे चपटे झाले होते आणि त्याच्या एका अंगावर सिमेंटचा खडबडीत ठसा उमटला होता. वीतभर मूळ हाती आले आणि पुढचे भिंतीतच तुटले. तंतुमुळे जवळजवळ नव्हतीच. तुटलेल्या टोकातून पांढरा चीक वाहत होता, तो मी ओल्या फडक्याने पुसत राहिले.

मुळे नसलेल्या झाडाला पानांचा भार सोसत नाही, कारण पानांतून पाणी उडत राहते आणि ते भरून काढायला खाली काही नसते. म्हणून मी देठाचा अर्धा भाग ठेवून सगळी पाने कापली, मूळ धारदार चाकूने सरळ छाटले, झाड जाड वाळूत रोवले, वरून प्लॅस्टिकची मोठी पिशवी तंबूसारखी बांधली आणि कुंडी धुण्याच्या जागेतल्या सावलीत ठेवली. मग वाट पाहणे आले. या काळात झाड हलवून मूळ धरले का हे पाहण्याचा मोह होतो आणि त्या मोहापायीच पुष्कळ झाडे जातात, कारण नुकते फुटलेले केसाएवढे मूळ त्या हलवण्याने तुटते. देठ आठवड्याभरात पिवळे होऊन गळाले. त्यानंतर पाच आठवडे नुसते खोड उभे होते. अधूनमधून मी नखाने साल किंचित खरवडून खाली हिरवे आहे का एवढेच पाही. जुलै उजाडला आणि खोडाच्या वरच्या अंगाला एक टोकदार कोंब दिसला. चार दिवसांत त्याचे आवरण गळून तांबूस रंगाचे कोवळे पान उलगडले.

त्यानंतर दोन वर्षे मी या झाडाला कात्री लावली नाही. चौदा इंची कुंडी, दिवसभराचे ऊन आणि पंधरा दिवसांतून एकदा भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचे पाणी, एवढाच कार्यक्रम होता. झाड माझ्या खांद्यापर्यंत वाढले. घरी येणारे विचारत, "हे बोन्साय?" आणि मी सांगत असे की नाही, ही तयारी आहे.

मातीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या ओळखीच्या नव्या मंडळींची झाडे बहुतेक वेळा मातीपायीच जातात. नर्सरीतून मिळणारी लाल माती कुंडीत दोन-तीन महिन्यांत आवळून विटेसारखी घट्ट होते. पाणी वरून वाहून जाते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि पावसाळ्यात मुळे कुजवते. मी आता तीन भाग विटांचे खडे, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत वापरते. बांधकामाच्या जागेवरून फुटक्या भाजक्या विटा आणायच्या, गोणपाटात घालून हातोड्याने फोडायच्या आणि मग दोन चाळण्यांतून काढायच्या. गव्हाच्या चाळणीतून जे खाली पडते ते घ्यायचे आणि पिठाच्या चाळणीतून जे खाली पडते ते टाकून द्यायचे. मधले खडे, साधारण हरभऱ्याच्या डाळीपासून हरभऱ्याएवढे, तेच कामाचे. ती टाकायची धूळ हीच खरी शत्रू असते, कारण ती तळाशी साठून भोके बुजवते. वीट पाणी शोषून धरते, खड्यांमधल्या फटींतून हवा खेळते आणि मुळे त्या खड्यांना घट्ट धरून अंगाखांद्यावर पसरतात. असे मिश्रण वापरल्यापासून पाणी जास्त झाले म्हणून माझे एकही झाड गेलेले नाही. उलट उन्हाळ्यात दोन वेळा पाणी घालावे लागते, तेवढी मेहनत त्यासोबत येतेच.

२०१५ च्या जून महिन्यात पहिला मोठा कट दिला. खोड तोपर्यंत मनगटाएवढे झाले होते. जमिनीपासून सात इंचांवर, किंचित तिरपा, करवतीने. हा क्षण कठीण असतो. दोन वर्षे पाणी घालून वाढवलेले खांद्याएवढे झाड तुम्ही आपल्या हाताने खुंट करता. चीक इतका वाहिला की खाली अंथरलेला कागद भिजला. थंड पाण्याचा फवारा मारत राहिल्यावर तो दहा-पंधरा मिनिटांत थांबला. माझ्या सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, वडाला कुणी असं करतं का? पाप लागेल." मी त्यांना उत्तर दिले नाही, पण त्यांचा प्रश्न मनात राहिला आणि त्याचे उत्तर मला झाडाकडूनच मिळाले. तीन आठवड्यांत त्या खुंटावर अकरा फुटवे आले. उपाशी ठेवलेले झाड असे फुटत नाही. बोन्साय म्हणजे झाडाची उपासमार, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे आणि ती ऐकली की मला वाईट वाटते, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. अन्नाची कमतरता असलेले झाड छाटणी सोसूच शकत नाही. शेतकरी द्राक्षाची वेल दरवर्षी छाटतो आणि कुणी त्याला निर्दय म्हणत नाही.

अकरांपैकी चार फुटवे ठेवले. एक पुढचा शेंडा होण्यासाठी कटाच्या अगदी टोकाशी, एक डावीकडे, एक उजवीकडे आणि एक मागच्या बाजूला. मागची फांदी समोरून दिसत नाही, पण ती नसेल तर झाड चित्रासारखे सपाट वाटते. बाकीचे सात मी बोटाने मोडून काढले.

इथपर्यंत सगळे ठीक झाले होते आणि इथेच माझ्या हातून मोठी चूक झाली. फांद्यांना आडवे वळण देण्यासाठी मी ॲल्युमिनियमची तार गुंडाळली. तार फांदीच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश असावी आणि पंचेचाळीस अंशांच्या कोनात गुंडाळावी, हे सगळे मी नीट केले होते. परंतु ते केले जुलै महिन्यात. मग घरात एक लग्न निघाले आणि मी पाच आठवडे गच्चीवर केवळ पाणी घालण्यापुरती गेले. पुण्यातल्या पावसाळी दमट हवेत वड ज्या वेगाने भरतो, त्याचा मला अंदाजच नव्हता. ऑगस्टच्या शेवटी पाहिले तर तार सालीत रुतून दिसेनाशी झाली होती आणि फांदीवर स्क्रूच्या आट्यांसारखे वळ उठले होते. घाबरून मी तार उलटी सोडवू लागले आणि उजव्या फांदीची साल तारेबरोबर निघाली. ती फांदी गेली. उरलेल्या दोन फांद्यांवरची तार मग मी कटरने एकेका वेढ्याला तुकडा करत काढली. तशीच ती काढायची असते. तारेची किंमत फांदीपेक्षा नेहमीच कमी असते. त्या वळांच्या खुणा आज दहा वर्षांनीही डाव्या फांदीच्या खालच्या अंगाला बोट फिरवले की लागतात. त्यानंतर मी वडाला पावसाळ्यात तार लावली तर दर रविवारी तिच्याखालून नख जाते का, हे पाहते. जिथे जमेल तिथे तारेऐवजी मऊ दोरीने फांदी कुंडीच्या काठाला ओढून बांधते.

उजवी फांदी गेल्यामुळे झाडाचा सगळा आराखडा बदलला. कितीतरी दिवस मी त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. शेवटी दुसऱ्या वर्षी त्याच बाजूला, पण दीड इंच खाली, सालीतून आपोआप एक फुटवा आला आणि तीच पुढे झाडाची सर्वांत सुंदर फांदी झाली. ती इतकी खाली आहे की आता तिच्यामुळेच हे झाड गावाबाहेरच्या पारावरच्या वडासारखे पसरलेले दिसते. जपानी पद्धतीची पुस्तके पाइन आणि जुनिपर ही सूचिपर्णी झाडे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात आणि त्यातल्या त्रिकोणी, वर निमुळत्या होत जाणाऱ्या आकाराचा साचा मी सुरुवातीला वडावर बसवू पाहत होते. वड तसा वाढत नाही. त्याचा घेर उंचीपेक्षा मोठा असतो. औंधहून बाणेरला जाताना, सातारा रस्त्यावर, वाईच्या वाटेवर जे जुने वड पाहिले होते, ते आठवून मी झाडाचा घाट ठरवला आणि मगच ते मनासारखे दिसू लागले.

२०१७ मध्ये पहिल्यांदा उथळ ट्रे घेतला. ट्रेची खोली खोडाच्या बुंध्याच्या जाडीएवढी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश, असा ठोकताळा आहे. वडाच्या पसाऱ्यासाठी मी लांबी थोडी वाढवली. कुंडीतून झाड काढल्यावर मुळांचा गोळा बांबूच्या टोकदार काडीने विंचरला, खाली सरळ जाणारी जाड मुळे कापली आणि आडवी पसरणारी ठेवली. भिंतीत चपटे झालेले ते जुने मूळ आता बुंध्याच्या एका बाजूला धबधब्यासारखे खाली उतरलेले दिसत होते. मुळे पुन्हा खाली न जाता चारी दिशांना पसरावीत म्हणून बुंध्याखाली फरशीचा तळहाताएवढा तुकडा ठेवला. ट्रेच्या भोकांवर जाळी, भोकांतून तार वर काढून झाड घट्ट बांधलेले, आणि मग विटांचे खडे काडीने टोचत टोचत मुळांच्या फटींत भरलेले. झाड हलले तर नवी मुळे तुटतात, म्हणून हे बांधणे टाळू नये. वडासाठी हे काम जून महिन्यात, पहिल्या पावसानंतर करावे, असा माझा अनुभव आहे. तेव्हापासून दर दोन वर्षांनी याच दिवसांत माती बदलते आणि मुळांचा सुमारे तिसरा हिस्सा काढते.

पानांचा आकार ही वडाच्या बोन्सायची मोठी अडचण आहे. मूळ पान वीतभर असते आणि फूटभर झाडावर तसली पाने विसंगत दिसतात. त्यासाठी एप्रिलच्या शेवटी, झाड निरोगी असेल तरच, देठ ठेवून सगळी पाने कापायची. नवी पाने एकदम आणि पुष्कळ फुटतात आणि म्हणून लहान राहतात. माझ्या झाडावर पहिल्या वर्षी ती सहा इंचांवरून चार इंचांवर आली आणि आता अडीच इंचांच्या आसपास असतात. ज्या वर्षी माती बदलायची त्या वर्षी मी पानांना हात लावत नाही, कारण एकाच वर्षी वरून आणि खालून दोन्हीकडून ताण देणे झाडाला सोसत नाही.

पारंब्यांसाठी मात्र मला सर्वांत जास्त धीर धरावा लागला. खऱ्या वडाला कोकणात जशा झिरमिळ्यांसारख्या पारंब्या सुटतात, तशा पुण्याच्या त्यामानाने कोरड्या हवेत ट्रेमधल्या झाडाला सुटत नाहीत. २०१९ च्या पावसाळ्यात मी ट्रे टाकीच्या आडोशाला ठेवला, खालच्या फांदीभोवती ओले मॉस (शेवाळ) बांधले आणि सकाळ-संध्याकाळ फवारा मारला. जुलैअखेर मॉसमधून दोऱ्याएवढी पाच पांढरी टोके बाहेर डोकावली. हवेत आली की ही टोके एका दिवसाच्या उन्हानेही वाळतात. म्हणून शहाळ्याबरोबर मिळणाऱ्या स्ट्रॉ उभ्या चिरून, आत ओले मॉस भरून, एकेका पारंबीभोवती लावल्या आणि त्यांची खालची टोके मातीत खोचली. पाचांपैकी दोनच पारंब्या मातीपर्यंत पोचल्या. परंतु मातीत शिरलेली पारंबी काही दिवसांतच ताणली जाऊन दोरीसारखी सरळ होते आणि मग वर्षभरात इतकी भरते की ती कालपर्यंत दोऱ्याएवढी होती, हे पटत नाही. आज त्यातली एक करंगळीएवढी जाड आहे.

२०२२ च्या वटपौर्णिमेला शेजारच्या तिघीजणी विचारायला आल्या की तुमच्या वडाची पूजा करू का, कारण बाजारात तोडून आणलेल्या फांद्या विकत घेणे त्यांना नको वाटत होते. मला फार आनंद झाला. ट्रे मी पाटावर ठेवला, हळद-कुंकू ट्रेच्या काठाला वाहायला सांगितले आणि सुताचे सात फेरे त्यांनी बुंध्याला हलक्या हाताने गुंडाळले. त्यांची ओटी भरून झाली, त्या गेल्या आणि संध्याकाळी मी ते सूत कात्रीने कापून काढले. ज्येष्ठाचा महिना होता, झाड भरण्याच्या दिवसांत होते आणि सालीत तार रुतलेली मी एकदा पाहिली होती. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. कापलेले सूत त्यांनी माझ्या हातून घेतले, नीट गुंडाळून देवघरातल्या डब्यात ठेवले आणि म्हणाल्या, "त्याला खायला काय घालतेस ते मला लिहून ठेव. तू गावाला गेलीस तर मी बघेन."

मी ते खरोखरच एका वहीत लिहून ठेवले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पाइनचे बोन्साय आहे. त्याची निगा १६२५ पासून चालत आलेली आहे. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर होते आणि तरीही वाचले, आणि १९७६ मध्ये जपानमधल्या एका कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले. त्या झाडाला पाणी घालणारे हात किती पिढ्यांचे असतील, हा विचार मला वही लिहिताना सारखा येत होता. माझ्या वहीत कुठल्या महिन्यात पेंड, कुठल्या महिन्यात नाही, पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड दिसली तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावी, मे महिन्यात ट्रे बादलीतल्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवावा, असे सगळे तारीखवार आहे.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा माती बदलली. २०१५ चा तो तिरपा कट आता चारी बाजूंनी सालीने भरत आला आहे. मधे फक्त रुपयाच्या नाण्याएवढा उघडा भाग उरला आहे. झाडाची उंची सतरा इंच, पसारा तेवीस इंच. फरशीच्या तुकड्याभोवती मुळे चाकाच्या आऱ्यांसारखी पसरली आहेत आणि भिंतीत चपट्या झालेल्या मुळावर सिमेंटचा जो ठसा होता, तो अजून तसाच आहे. तो मी घासून काढला नाही.